घैसासांनी डायरेक्टरसाहेबांवर भेंडी चढवली

गाण्याच्या भेंड्यांत शशिधर घैसासला हरवणारा माणूस अजून हीथ्रोवर उतरायचा होता! हे आम्ही नाही म्हणत, तो स्वतःच म्हणायचा, आणि कोणी विचारलं नसलं तरी म्हणायचा. ब्रिस्टलच्या मराठी मंडळाची ढाल सलग पाच गणेशोत्सव त्याच्याच फ्रंट रूममध्ये टीव्हीवर विराजमान होती. 'ठ' आलं की भलेभले सतरंजीकडे बघायला लागतात. शशिधरकडे 'ठ'ची अकरा गाणी होती, आणि अकराही तो मिशीला पीळ देत म्हणायचा.

तर १९९१ साली त्याच्या जपानी कंपनीत नोटीस लागली, शुक्रवारी संध्याकाळी सर्व स्टाफसाठी कॅराओके! डायरेक्टर ओकुमुरासाहेब स्वतः गाणार होते. आणि सोमवारी तेच साहेब डिपार्टमेंट हेडचं नाव जाहीर करणार होते. त्या खुर्चीवर शशिधर सात वर्षं डोळे लावून बसला होता. शर्यतीत दुसरा एकच, बॅरी. शशिधरपेक्षा दहा वर्षांनी लहान, आणि काम शिकलेला शशिधरच्याच हाताखाली!

त्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये शेजारच्या टेबलावरचा हारादा सहज बोलून गेला, "लहानपणी आम्ही शब्दांची साखळी खेळायचो. शब्द ज्या अक्षरावर संपेल, त्यावरून पुढच्याने दुसरा म्हणायचा. शेवटी 'न्' आला की तो माणूस हरला, कारण 'न्'ने आमच्यात काही सुरूच होत नाही."

शशिधरच्या हातातलं सँडविच तिथेच थांबलं. अरे, या तर भेंड्या! लहानपणी शब्दांच्या खेळतात, म्हणजे मोठेपणी गाण्यांच्या खेळणार, आणि त्यालाच कॅराओके म्हणत असणार! हारादाला एकदा विचारून खात्री करावी, हे काही त्याच्या मनात आलं नाही. चॅम्पियन माणूस कधी विचारतो का?

त्याने हारादाकडून दोन पिशव्या भरून कॅसेट आणल्या आणि दोनशे पानी वही भरायला घेतली. आ, ई, ऊ, ए, ओ, का, की... जपानी अक्षरं क्रमाने, आणि प्रत्येक अक्षराखाली त्यावरून सुरू होणारी गाणी, देवनागरीत! चार दिवस घरात रिवाइंडची घरघर चालू होती. सुमेधा हॉस्पिटलातून ड्यूटी करून यायची तेव्हा स्वारी वरण ढवळता ढवळता जपानी विरहगीत आळवत असायची.

तिने वही चाळली. "अहो, सगळ्या गाण्यांची पहिलीच ओळ लिहिलीय?"

"मग? भेंड्यांत दुसरी ओळ म्हणेपर्यंत कोण थांबतं?"

"पण त्यांची पद्धत वेगळी असली तर? एखादं तरी गाणं पूर्ण शिका हो!"

"सुमेधा," शशिधर छाती फुगवून म्हणाला, "मला मराठी आठशे गाणी येतात. त्यातलं एक तरी पूर्ण येतं का? अडलंय कुठे?"

सुमेधाने वही मिटून त्याच्या हातात दिली आणि वरणाखालचा गॅस बंद केला.

शुक्रवारी हॉटेलच्या हॉलमध्ये यंत्र, मोठा टीव्ही, मायक्रोफोन, सगळा थाट. ओकुमुरासाहेब उठले. वाद्यं वाजली, साहेबांनी डोळे मिटले आणि आईच्या आठवणीचं एक संथ गाणं सुरू केलं. जपानी मंडळींनी माना खाली घातल्या. पहिलं कडवं 'रा'वर संपलं आणि मध्ये नुसती बासरी वाजू लागली.

शशिधरला वाटलं, साहेब आपल्यासाठी थांबले. तो ताडकन उठला. "रा आलं, रा!" आणि खणखणीत आवाजात 'रा'चं गाणं ठोकून दिलं!

साहेबांनी एक डोळा उघडला. हारादा शशिधरचा कोट ओढून कुजबुजला, "घैसास-सान, खाली बसा!"

"थांब रे, माझ्या टीमचे आणखी कुठे बसलेत?"

साहेब मोठ्या मनाचे. त्यांनी दुसरं कडवं धरलं आणि शेवटचा सूर लांब, हळवा, थरथरता सोडला. तो नेमका 'न्'वर! दोन जपानी मॅनेजरांनी रुमाल काढले होते. तेवढ्यात शशिधरने टाळी हाणली.

"न् आला! साहेब हरले! यू लूज, सर! भेंडी चढली!"

बॅरीने आनंदाने बिअरचा पिंट टेबलावर आपटला. हारादाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. साहेब मात्र शांतपणे चालत आले, कमरेत वाकले आणि मायक्रोफोन शशिधरच्या हातात दिला. "घैसास-सान, आता तुम्ही गा. शेवटपर्यंत."

शेवटपर्यंत! वहीत तर नुसत्या पहिल्या ओळी! वहीतलं 'आ'चं पहिलं गाणं यंत्रावर सुरू झालं. पहिली ओळ त्याने पडद्याकडे न बघता अशी झोकात म्हटली की जपानी बायका "आऽऽ" म्हणाल्या. आणि मग दुसरी ओळ आली. पडद्यावर नुसत्या जपानी अक्षरांच्या मुंग्या! संगीत पुढे चाललेलं, सोमवारची खुर्ची डोळ्यांसमोर हलायला लागलेली, आणि डोक्यात पुढचं एक अक्षर नाही.

पण पाच वर्षांचा चॅम्पियन गप्प बसतो होय! त्याने त्याच चालीत 'आ'च्या दुसऱ्या गाण्याची पहिली ओळ घुसवली. मग 'ई'ची. मग 'ऊ'ची. विरहानंतर मासेमारी, मासेमारीनंतर अंगाईगीत, अंगाईवर एका शॅम्पूची जाहिरात, कारण तीही कॅसेटमध्ये होती! 'का'पाशी हॉलमध्ये पहिला हशा फुटला. 'सा'पाशी जपानी मंडळी पुढचं अक्षर ओरडायला लागली. 'हा'पर्यंत साहेब खुर्चीवरून घसरले होते आणि टायने डोळे पुसत होते. संगीत संपलं, तरी शशिधर संपला नाही. उरलेली अक्षरं बिनवाद्याची म्हटली, आणि सगळा हॉल उभा राहिला!

"बघितलंस?" घरी आल्या आल्या त्याने सुमेधाला कोट काढायच्या आधी सांगितलं. "खुर्ची आपली! साहेबांनी तीनदा हात हातात घेतला!"

सोमवारी पत्र आलं. पहिलं वाक्य होतं, 'आपल्याइतकी उत्तम सुरुवात करणारा माणूस मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही.' पुढे लिहिलं होतं की डिपार्टमेंटला मात्र सुरू केलेलं शेवटाला नेणारा माणूस हवा असतो, म्हणून हेडची जागा बॅरीला देत आहोत. घैसास-सान यांनी यापुढे जपानहून येणाऱ्या पाहुण्यांचं स्वागत करावं.

शशिधर दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने पत्राला फ्रेम करून घेतली.

मंडळाची ढाल हलवून ती फ्रेम टीव्हीवर ठेवली आहे. घरी येईल त्याला तो पत्राचं पहिलं वाक्य मोठ्या आवाजात, साहेबांच्या ढबीत वाचून दाखवतो. परवा सुमेधाच्या हॉस्पिटलातला उदय नावाचा नवा डॉक्टर आला होता. त्याने ऐकलं, वाहवा केली आणि चष्मा सारखा करत फ्रेमजवळ वाकला. "घैसासकाका, याच्यापुढे बरंच काही लिहिलंय की!"

"हो, पण तू चहा घे आधी," शशिधर म्हणाला, आणि फ्रेम उचलून स्वतःच्या मांडीवर पालथी ठेवली.