अंबुजाअत्यांचा अर्क

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये अंबुजाअत्या भेटल्या, की 'कशी आहेस' वगैरे विचारत नाहीत. थेट विचारतात, "कां ग, आज पोट साफ झालं?" लिफ्टमध्ये आणखी कोणी असलं तरी त्यांची हरकत नसते. उत्तर मिळेपर्यंत त्या तुमच्या तोंडाकडे बघत राहतात, आणि 'हो' जरा पडेल आवाजात आलं तर तुमचा मजला येऊन गेला तरी सोडत नाहीत. माझा नवरा निखिल या प्रश्नाला इतका घाबरला, की त्याने लिफ्ट सोडून जिना धरला. त्याची तब्येत त्यामुळे सुधारली, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

अत्या तंजावरकडच्या मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेलं घराणं. 'मी आलें', 'मी सांगितलें' असं जुन्या पोथीतलं मराठी त्या तमिळच्या हेलात बोलतात आणि मधेच 'सरी पा' म्हणून विषय मिटवतात. मी सांगलीची. आम्ही या तमिळ मुलखात, अड्यारला राहायला आलो त्या आठवड्यात मी निखिलवर जिन्यात ओरडत होते, ते ऐकून त्या बाहेर आल्या. मराठीत भांडणारं माणूस इमारतीत आलं म्हणून त्यांना इतका आनंद झाला, की भांडण अर्धवट सोडून आम्हाला त्यांच्याकडे इडली खायला जावं लागलं.

त्यांची सगळी नोकरी एका औषधाच्या कारखान्यात वनस्पतींचे अर्क काढण्यात गेली. निवृत्त झाल्या, पण अर्क काही सुटला नाही. स्वयंपाकघराच्या अर्ध्या ओट्यावर सांबार असतं आणि उरलेल्या अर्ध्यावर काचेच्या बाटल्या. उन्हाळ्यात सगळं अड्यार बहाव्याच्या पिवळ्या झुंबरांचे फोटो काढत असतं, तेव्हा अत्या छत्रीच्या वाकड्या मुठीने त्याच झाडाच्या गेल्या वर्षीच्या काळ्या शेंगा ओढत असतात. त्या शेंगांचा गर आणि हिरडा यांचा अर्क म्हणजे त्यांचं बद्धकोष्ठावरचं औषध. तो आधी त्यांनी बरेच दिवस स्वतःवरच आजमावला. त्या काळात त्या देवळातसुद्धा दाराजवळची जागा धरून बसायच्या.

पण 'मला गुण आला' एवढ्यावर थांबणाऱ्यातल्या त्या नव्हेत. कोणी 'आमची आजी सांगायची' म्हणून सुरुवात केली, की त्या हात वर करून थांबवतात. "ऐकीव नको पा. प्रमाण सांग." आणि हे प्रमाण त्यांना एका विशिष्ट कामासाठी हवं होतं. शहराबाहेर एक लहानसं रुग्णालय आहे, तिथे कॅन्सरचे शेवटच्या टप्प्यातले रुग्ण असतात. दुखणं थांबवायच्या जालीम औषधांनी त्यांची पोटं अडतात. तिथल्या डॉक्टरबाईंनी अत्यांना सांगितलं होतं, की आधी धडधाकट माणसांवरचा स्वच्छ निकाल आणा, मग मी आमच्या समितीपुढे ठेवते आणि रीतसर चाचणीचं बघते. अत्यांना तेवढंच हवं होतं.

धडधाकट पण अडलेल्या माणसांचा आमच्या इमारतीत तुटवडा नाही. मी इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात जाते. कंपनीची बस पहाटे येते, तेव्हा माझं पोट अजून झोपलेलं असतं. निखिल आणि त्याच्यासारखे बाकीचे पेरुंगुडीच्या ऑफिसात खुर्चीला खिळलेले. अत्यांनी सगळ्यांना गोळा केलं. हृदयाचं औषध घेणारे, दिवस गेलेल्या, आणि उगाच उत्साही, अशांना त्यांनी आधीच घरी पाठवलं. उरलेल्यांपैकी अर्ध्यांना खरा अर्क, अर्ध्यांना करपवलेल्या साखरेचं तसंच काळं, तसंच कडू पाणी. कोणाला काय मिळतंय हे खुद्द अत्यांनाही कळायचं नव्हतं. ते गुपित तळमजल्यावरच्या सुब्रमणियम सारांकडे होतं. सार (इकडे 'सर'ला असंच म्हणतात) बँकेतून निवृत्त झालेले. बायकोलासुद्धा पगार सांगितला नव्हता म्हणतात.

नियम कडक होते. रोजचंच जेवायचं, नवीन काही नाही. निखिलने एकदा चुकून पपई आणली, तर त्याला ती परत करायला लावली. रोज सकाळी त्यांच्या घरी जाऊन त्यांच्यासमोर औषध प्यायचं, आणि मग कडू तोंडाने कोणाला कसं पाठवायचं म्हणून त्या प्रत्येकाला स्टीलच्या पेल्यातून वाफाळती फिल्टर कॉफी द्यायच्या. आम्ही ती फुंकून फुंकून, गप्पा मारत प्यायचो. मी तर त्यासाठी लवकर उठायला लागले. बसमध्ये माझा चेहरा उजळला म्हणून मैत्रिणी विचारायच्या आणि मी अत्यांच्या अर्काची तारीफ करायचे.

निकालाच्या रविवारी आम्ही सगळे त्यांच्या दिवाणखान्यात जमलो. सारांनी घसा खाकरून सांगितलं, की खरा अर्क घेतलेल्यांना चांगलाच गुण आला. अत्यांचा चेहरा फुलला. मग सार म्हणाले, की साखरेचं पाणी प्यायलेल्यांनाही तितकाच आला. मी साखरेच्या पाण्यातली निघाले. बसभर केलेली ती जाहिरात आठवून मला कुठे तोंड लपवू असं झालं.

अत्यांची नजर माझ्या हातातल्या पेल्यावर गेली, मग निखिलच्या, मग सारांच्या. "अय्यो," त्या हळूच म्हणाल्या. "काफी."

पपईवर पहारा होता, केळ्यावर होता. कॉफीवर नव्हता, कारण त्यांच्याकडे कॉफी खाण्यापिण्यात धरतच नाहीत. कॉफी म्हणजे 'या, बसा'. सकाळी गरम कॉफी आणि तिच्यासोबत थोडा निवांतपणा मिळाल्यावर आमची पोटं कोणत्या बाटलीची वाट बघणार होती?

सारांनी तोडगा सुचवला. खरा अर्क घेतलेल्यांचा निकाल खोटा नाही ना? मग डॉक्टरबाईंना तेवढाच सांगावा. अत्यांनी पेला खाली ठेवला.

"सार, मी ज्यांना हे देणार आहें, त्यांना उठून माझ्याकडे काफी प्यायला येतां येणार नाही."

सगळे गेल्यावर मी पेले विसळायला थांबले. अत्या माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि नळाकडे बघत बोलल्या. त्यांचे यजमान शहराबाहेरच्या त्याच रुग्णालयात वारले. "औषधानं दुखणं थांबलं ग, पण पोट अडलं. त्याचेच हाल फार. मला सांगितलं नाही त्यांनी. नर्सला सांगितलं. माझ्यापुढे लाज वाटली त्यांना. मी जन्मभर अर्क काढीत होतें, आणि मलाच ठाऊक नाही." मी त्यांचा ओला हात धरला. घरी येऊन निखिलला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तो लिफ्टने जायला लागला.

पुढे दुसरी फेरी झाली, बिनकॉफीची. बाटल्यांची वाटणी सारांनी नव्याने केली. औषध प्यायचं आणि चालू पडायचं. आमच्यापेक्षा अत्यांचेच हाल जास्त झाले. माणूस दारातून तसंच परत पाठवायचं त्यांच्या जिवावर यायचं. त्या दार उघडून तोंड फिरवून उभ्या राहायच्या. या वेळी मात्र दोन बाटल्यांत फरक पडला. मोठा नव्हता, पण होता. अत्यांनी सारांना तो पुन्हा पुन्हा सांगायला लावला.

सारांनी लगेच औषधाला यजमानांचं नाव द्यायचं सुचवलं. अत्या इतक्या भडकल्या, की सार तळमजल्यावर जाऊनच थांबले.

डॉक्टरबाईंकडे मी सुट्टी काढून सोबत गेले. अत्यांनी आधी पहिल्या फेरीची फजिती सांगितली, कॉफीसकट, आणि मग दुसरीचा निकाल. बाईंनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, समितीपुढे ठेवते. वेळ लागेल, अजून पुष्कळ तपासण्या होतील, कदाचित काही निघणारही नाही. पण ठेवते. मग कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, औषधाचं नाव काय लिहू?

"नाव नको," अत्या म्हणाल्या. "नंबर घाला."

परतताना आम्ही रिक्षा केली. मला फार आनंद झाला होता आणि तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. पूल ओलांडताना वाऱ्याने त्यांचा पदर उडाला, तो त्यांनी सावरला.

"रंगनाथ," त्या म्हणाल्या.

मी वळून बघितलं. जुन्या रीतीप्रमाणे अत्या यजमानांना 'ते' म्हणतात. त्यांच्या तोंडून नाव मी कधीच ऐकलं नव्हतं.

"बाटलीवर नको. लाज वाटेल त्यांना," त्या म्हणाल्या. "पण तुला ठाऊक असूं दे."