बारा आण्यांचा पाईप

भिकूने पाईप घ्यायचं ठरवलं, पण तो केवढ्याला घ्यायचा हे ठरवलं नाही. पुढचा सगळा घोटाळा तिथून झाला.

तसा तो हिशेबी माणूस. दोन वर्षं विलायतेत शेतकी शिकून आला होता आणि एकराला खर्च किती, उत्पन्न किती, हे कुणी न विचारताही सांगायचा. कासार आंबोलीत परत आल्यापासून त्याला एकच ध्यास लागला होता. भात जपानी पद्धतीने लावायचं. दोरी धरून सरळ ओळी, ओळींत नेमकं अंतर आणि मधून तण काढायला जपानी कोळपं. देश स्वतंत्र होऊन इतकी वर्षं झाली आणि आपण अजून रोपं मुठीत धरून चिखलात वाटेल तशी खोचतोय, या विचाराने त्याला रात्र रात्र झोप यायची नाही. (बायको रंभा म्हणायची, "झोप येत न्हाई तर बैलांना वैरण तरी टाकून या.")

अडचण एवढीच होती की जमीन वडिलांची होती. ओढ्याकाठची दोन खाचरं पोराच्या हाती द्यावीत की नाही, हे हैबतरावांनी पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मतावर सोडलं होतं. आणि त्या म्हाताऱ्यांच्या लेखी भिकू म्हणजे ओढ्यात उघडानागडा डुंबणारा तोच भिकू होता. तो रंगात येऊन बोलायला लागला, की त्यांच्यातला सगळ्यात वडील कुशाबा मध्येच विचारायचा,

"व्हय रं भिकू, तितं इंग्रजाच्या मुलखात ऊन पडतं का?"

आणि भिकू भात सोडून उन्हाचं उत्तर देत बसायचा.

विचार करता करता त्याला उमगलं, की आपल्या मुद्द्यात काही खोट नाही, आपल्यालाच वजन नाही. मग वजन कसं येतं? त्याच्या डोळ्यांसमोर त्याचे विलायतेतले प्रोफेसर उभे राहिले. त्यांना कुणी प्रश्न विचारला, की ते आधी खिशातून पाईप काढत. त्यात तंबाखू दाबत. काडी ओढत, ती विझली तर दुसरी ओढत. धूर निघेपर्यंत विचारणाऱ्यालाच आपला प्रश्न मूर्खपणाचा वाटायला लागायचा. मग प्रोफेसर नुसतं "हं" म्हणत, आणि सगळा वर्ग ते वहीत उतरवून घ्यायचा. (भिकूच्या वहीत असे बरेच 'हं' होते.)

कुशाबाच्या उन्हावर औषध सापडलं होतं.

शिष्यवृत्तीतले थोडे पैसे त्याने कोळप्यासाठी राखून ठेवले होते. ते खिशात घालून आणि "कोळपं घेऊन येतो" असं रंभाला सांगून तो पुण्याला गेला. कोळपं घ्यायचंच होतं. त्याआधी लष्कर भागात जाऊन एखादा साधासा पाईप घ्यायचा, एवढाच बेत होता.

दुकानदार म्हातारा पारशी होता. त्याने काचेवर तीन पाईप ठेवले.

"हा पाच रुपयेवाला. दिसायला छान, पन जीभ पोळते. हा पंचवीसचा. हा ओढला की मानूस मामलेदार वाटते."

"आणि हा?" तिसरा पाईप मखमलीच्या पेटीत झोपला होता.

"हा विचार करनाऱ्या मानसाचा." दुकानदाराने आवाज उतरवला. "पंच्याऐंशी."

भिकू तत्त्वाचा माणूस होता. ज्या देशात माणसाला दोन वेळचं धड खायला मिळत नाही, तिथे पंच्याऐंशी रुपयांचा पाईप ओढणं हे पाप आहे, हे त्याला तत्काळ पटलं. पाच रुपयांचाच घ्यायला हवा. पण पाच रुपयांच्या पाईपने जीभ पोळते, आणि पोळलेल्या जिभेने कुशाबाला जपानी पद्धत कशी पटवणार? कुशाबाला पटली नाही, तर खाचरं मिळणार नाहीत. खाचरं मिळाली नाहीत, तर तालुक्याला नमुना दिसणार नाही. तालुक्याला नमुना दिसला नाही, तर देशाचं धान्य कसं वाढणार? पाव तासात तो पाईप राष्ट्रकार्याला लागला. वर पाच रुपयांचा तंबाखूचा डबाही लागला. कोळपं काय, पुढच्या खेपेलाही घेता येईल.

पौडच्या गाडीत त्याने पाईप न पेटवताच दातांत धरून पाहिला. कंडक्टरने एका पाटीवाल्याला उठवलं आणि म्हणाला, "साहेब, हितं बसा." भिकूची उरलीसुरली शंकाही फिटली.

घरी हैबतराव ओसरीवर बसले होते. त्यांनी पाईप हातात घेतला, उलटासुलटा केला आणि नखाने वाजवून पाहिला.

"ही वाकडी चिलीम केवढ्याला पडली?"

प्रोफेसरांनी अशा वेळी पाईपमध्ये तंबाखू दाबली असती. पण पाईप वडिलांच्या हातात होता. भिकूच्या मुठीत होतं ते गाडीचं तिकीट. त्यावरचा आकडा त्याच्या तोंडून बाहेर पडला.

"बारा आणे."

"आन् ह्यो डबा?"

"तो... त्याच्यावर फुकट मिळाला."

हैबतरावांनी डब्याचं झाकण उघडून वास घेतला. मग त्यांनी माजघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं ए भिकूची आय, हिकडं ये! पोरगं यवहार शिकून आलं गं!"

रत्नाबाई हात पुसत आल्या. त्यांच्यामागे दाराशी रंभा येऊन उभी राहिली.

"माज्या मनात लई धाकधूक व्हती," हैबतराव म्हणाले. "म्हटलं, ह्यो शिकलेला हाय, पैशाचं पानी करील. पर लष्करातल्या दुकानदाराकडनं ज्यानं असली चीज बारा आण्याला काढली, त्याच्या हाती खाचरं द्यायला काय हरकत न्हाई. उद्या पारावर तसं बोलतो."

झालं. पाईप ज्यासाठी आणला होता, ते काम तो न पेटताच झालं. आता खरी किंमत सांगायची म्हणजे खाचरं परत करायची.

"आन् कोळपं?" दारातून रंभाने विचारलं.

"संपलं होतं दुकानात. पुढच्या खेपेला आणतो."

रंभाने एकदा पाईपकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली. त्या दिवशी चूल जरा जास्तच जोरात फुंकली गेली.

दुसऱ्या दिवशी भिकूला जाग आली ती वासाने. मध, लाकूड आणि कसलं तरी सुकलेलं फळ यांचा मिळून एक श्रीमंत वास घरभर पसरला होता. तो चुलीपाशी धावला. रत्नाबाई तव्यावर तंबाखू भाजत होत्या. शेजारी डबा रिकामा पडला होता.

"आई! हे काय?"

"मिश्री करतीया. फुकाटचा तंबाकू, म्हटलं वाया कशापायी घालवा? लई ग्वाड वास हाय बग!"

तो वास आळीभर गेला होता. थोड्या वेळाने धोंडाबाई आली, मग सगुणाबाई, मग ज्यांच्याशी रत्नाबाईंचं गेल्या वर्षापासून बोलणं नव्हतं त्या साळूबाईसुद्धा आल्या. ओटीवर ओळीने बसून सगळ्यांनी विलायती मिश्री दाताला लावली. (ओळ मात्र सरळ होती आणि मधलं अंतरही जपानी पद्धतीत बसणारं होतं.)

"आनखी आसंल तर ठिवा हो," साळूबाई तोंडातलं बोट न काढताच म्हणाल्या. भिकूने मान हलवली. फुकट मिळालेल्या डब्यासाठी कुणाशी भांडायचं?

संध्याकाळी तो मोकळाच पाईप घेऊन पारावर गेला. हैबतरावांनी बारा आण्यांची हकीकत आधीच सगळ्यांना ऐकवली होती. कुशाबाने हात पुढे केला.

"बगू तुजी चिलीम. तंबाकू न्हाई? आमच्यातला भर की."

आणि भिकूने काही म्हणायच्या आत त्याने आपल्या चंचीतला काळा जर्दा अंगठ्याने ठासून भरला. भिकूने काड्यापेटी काढली, पण तोवर कुशाबाने खापरीतला गोवरीचा रसरशीत निखारा उचलून पाईपच्या डोक्यावर ठेवलाही होता. मग खांद्यावरच्या फडक्याची चिंधी पाण्यात भिजवून त्याने ती नळीच्या टोकाला गुंडाळली. चिलमीला छापी लावतात तशी. दोन्ही मुठींत पाईप उभा धरायला गेला, तर पाईप वाकडा. मग कुशाबाने स्वतःचीच मान वाकडी केली आणि असा झुरका मारला की निखारा लाल झाला आणि विलायती लाकूड चरचरलं.

भिकू पुढे सरकला.

"कुशाबा, जरा हळू. निखारा नको, काडीवर..."

"आरं, बारा आण्याचीच तर हाय! तू सबूर कर, तुजी बी बारी यील."

पाईप एका हातातून दुसऱ्या हातात असा पारावर फिरला.

"वडायला झ्याक हाय."

"पर नळी वाकडी हाय की."

"वाकडी हाय म्हून तर बारा आण्याला दिली. सरळ आसती तर रुपया घेतला आसता."

भिकूची बारी आली, तेव्हा पाईपचा काठ कोळशासारखा झाला होता आणि टोकावर कुशाबाच्या उरलेल्या दोन दातांच्या खुणा उमटल्या होत्या. त्याने झुरका मारला. डोळ्यांत पाणी आलं. (ते जर्द्यामुळे आलं, असं त्याने नंतर रंभाला सांगितलं.)

खाचरं भिकूला द्यावीत, असं म्हाताऱ्यांचं एकमत झालं. जपानी पद्धतीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. इंग्रजाच्या उन्हाबद्दलही नाही.

तेवढ्यात बाजी धनगर आला. दर वैशाखात त्याची मेंढरं हैबतरावांच्या रानात बसायची. मेंढरं रात्रभर रानात बसली की लेंड्यामुताचं खत होतं, आणि त्याच्या बदल्यात बाजीला भात मिळायचं. त्यानेही वाकड्या मानेने एक झुरका मारला. मग पाईप हातातून सोडलाच नाही.

"हैबतआबा, अवंदा मला भात नगं. ही चिलीम द्या. मेंढरं हाकताना एका हातात काठी आन् एका हातात चिलीम, ती उभी धरावी लागती. ही वाकडी दातांत ऱ्हाती. पोराच्या दोन्ही खाचरांत मेंढरं बसवतो, खत बगून घ्या."

हैबतरावांचे डोळे चमकले. बारा आण्यांत दोन खाचरांचं खत!

"आबा, तो पाईप..." भिकू उठून उभा राहिला.

"काय त्याचं?"

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. एका बाजूला पंच्याऐंशी रुपये होते आणि दुसऱ्या बाजूला दोन खाचरं. आणि खाचरांच्या बाजूला वडीलही होते. पोरगा व्यवहार शिकून आला, म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघांत ताठ बसलेले.

"काही नाही," भिकू म्हणाला. "जपून वापर म्हणावं."

बाजीने पाईपला लोकरीची दोरी बांधली आणि तो गळ्यात अडकवला.

पाऊस झाला. दोरी धरून लावणी झाली. बघायला आलेल्यांनी ओळी पाहून डोकी खाजवली. मग तण माजलं आणि कोळपं नसल्यामुळे ते हातांनी काढावं लागलं. चिखलात रंभा पुढे आणि भिकू मागे, दोघंही कमरेत दुमडलेले.

"अवं," मागे न बघता रंभा म्हणाली, "जपानातल्या बाया बी अशाच वाकत्यात?"

"त्यांच्याकडे कोळपी असतात."

"आन् त्येंचे नवरे चिलीम वडत न्हाईत वाटतं?"

भिकूने तणाचा मोठा झुपका उपटला. त्यात भाताचीही दोन रोपं आली.

पण पीक आलं! हैबतरावांच्या जुन्या खाचरांपेक्षा लोंब्या जास्त भरल्या आणि वाकल्या. पौडहून शेतकीचे अधिकारी बघायला आले, तेव्हा भिकूला ज्या प्रश्नाची वर्षभर हौस होती, तो प्रश्न अखेर कुणीतरी विचारला. एकूण खर्च किती? त्याने बियाणं सांगितलं, मजुरी सांगितली.

"आणि खत?"

भिकूने वडिलांकडे पाहिलं.

"बारा आनं!" हैबतरावांनी ठणकावून सांगितलं. "दोनी खाचरांचं मिळून."

अधिकारी थक्क झाले. इतक्या स्वस्तात खत घालणारा शेतकरी आपण पाहिला नाही, आणि हे प्रत्येक सभेत सांगू, असं म्हणून ते भिकूचा हात बराच वेळ हलवत राहिले. इतकं महाग खत अख्ख्या हिंदुस्थानात कुणी घातलं नसेल, हे त्या हाताच्या मालकाला एकट्यालाच ठाऊक होतं.

दिवाळीनंतर बाजी मेंढरं घेऊन घाटाखाली निघाला, तो दातांत पाईप धरूनच. जाताना तो हैबतरावांशी काहीतरी बोलून गेला. संध्याकाळी भिकू पुण्याला जायची तयारी करत होता. तिथल्या एका बियाणेवाल्याला आपल्या भाताचं बी दाखवायचं होतं. हैबतराव ओसरीवर आले. त्यांनी कनवटीचे तीन रुपये काढून त्याच्या हातावर ठेवले.

"लष्करात जाशील तवा तसल्याच चार चिलमी आन. बाजीच्या भावकीनं बगितली, समद्यांना पायजे. फुडच्या वर्साला पाची वाड्यांची मेंढरं आपल्याच रानात बसवू! काय?"

भिकू तळहातावरच्या रुपयांकडे पाहत राहिला. चुलीपुढून रंभाचा आवाज आला, अगदी शांत.

"एकदम चार घेताय, तर घासाघीस करा. अकरा आण्याला बी दील त्यो. आन् कोळप्याचं नगा इचारू. ते संपलेलंच आसंल."

भिकूचा हात सवयीने खिशाकडे गेला. अशा वेळी प्रोफेसर पाईप काढत, तंबाखू दाबत, काडी ओढत. खिशात बियाण्याची पुडी होती.

"हं," भिकू म्हणाला.

ते कुणीही उतरवून घेतलं नाही.