वकिलांच्या पानातले मुळे

"डुक्कर माझ्या चुलीवर चढणार नाही," पाहुण्यांच्या वाड्याची स्वयंपाकीण ओशिगे म्हणाली आणि पुन्हा माशाची खवलं काढू लागली.

कुरिहारा सामुराईचा हात तलवारीवर गेला. "म्हातारे, कोरियाच्या राजाचे वकील त्यांचा खलिता घेऊन दुपारी बंदरात उतरतायत. त्यांना डुकराचं मांस लागतं. मुद्दाम नागासाकीहून जनावर मागवलंय, आणि तू नाही म्हणतेस?"

"महिनाभर माझ्याच अंगणात बांधलंय ना? माझ्या हातचा कोंडा खाल्लाय त्यानं. कापायचं तर तुम्ही कापा. दोन-दोन तलवारी लावून फिरता की!"

आता आली पंचाईत. कुरिहाराच्या पणजोबांच्याही आठवणीत लढाई झाली नव्हती. पण इभ्रतीचा प्रश्न होता. त्याने तलवार उपसली, डोळे मिटले आणि वार केला तो नेमका दाव्यावर. डुक्कर सुटलं ते थेट दिवाणखान्यात. तिथे पाहुण्यांसाठी मानाची ताटं मांडली होती. सोन्याचा वर्ख लावलेल्या समुद्री शेवंडी, पिसांसकट सजवलेले पक्षी. ही ताटं नुसती बघायची असतात, खायची नसतात. डुकराला हे कुणी सांगितलं नव्हतं.

कुरिहारा स्वयंपाकघरात येऊन मटकन बसला. "संपलं सगळं. मला आता पोट फाडून घ्यावं लागणार."

"संध्याकाळी फाडा. आत्ता मुळे सोला." ओशिगेने त्याच्या पुढ्यात सुरी टाकली. "मी पाहुण्यांना मासा-भात घालते. नाही आवडला तर खुशाल माझं नाव सांगा."

"मी सामुराई आहे!"

"म्हणून तर सुरी दिली."

बाहेर शिंगं वाजली. गलबतं दिसू लागली होती. कुरिहाराने बाह्या खोचल्या.

"साल काढताय की मुळ्याचा जीव घेताय?" ओशिगे करवादली.

मासे चुलीवरून उतरले तोवर पाहुण्यांना मागच्या दालनात बसवून दुभाषा धावत आला. "आज त्यांच्या आधीच्या राजांची पुण्यतिथी आहे! मांस नको, मासा नको. वाजंत्रीसुद्धा बंद करायला लावली."

"हे कालच सांगायला तुमची जीभ झडली होती?" ओशिगेने मासे झाकून बाजूला सारले. उरलं काय? कुरिहाराचे मुळे आणि थोडा टोफू. तिने समुद्री शेवाळाच्या पाण्यात दोन्ही उकळलं, आंबवलेल्या सोयाबीनचा मिसो कालवला आणि वाडगे धाडून दिले.

थोड्या वेळाने दुभाषा परतला. "वकीलसाहेब म्हणतात, मुळ्याचे तुकडे फारच ओबडधोबड आहेत."

कुरिहाराचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणतात, गेले दोन महिने सगळं नुसतं कोरून-रेखून पुढ्यात येतंय. आज पहिल्यांदा घरी जेवल्यासारखं वाटलं. आणखी तीस वाडगे पाठवा."

कुरिहाराने घसा खाकरला. "ते मुळे मी स्वतः—"

"मग हेही स्वतःच," म्हणत ओशिगेने टोपली त्याच्याकडे सरकवली.

तेवढ्यात थोरले कारभारी दारात येऊन गरजले, "कुरिहारा! दिवाणखान्यात डुक्कर लोळतंय आणि तुम्ही बायकांत बसून भाजी चिरताय? उठा आधी!"

कुरिहाराने मानही वर केली नाही. "ओशिगेबाई," तो म्हणाला, "घरात आणखी एखादी सुरी आहे का? हे साहेब रिकामेच आहेत."