न फिरलेला चेंडू

"मामा, यंदा तुम्ही बाकावर बसा," जावई ताटावरून मान न उचलता म्हणाला. "बसून सल्ला द्या. मोठ्या माणसाचा सल्ला लागतोच."

काकांचा घास हातातच राहिला. पावाच्या कारखान्यात सगळे त्यांना काका म्हणत, आणि कारखान्याच्या बेसबॉल संघात चेंडू टाकायचे काम वर्षानुवर्षे त्यांचेच होते. जावई त्याच कारखान्यात मुकादम, संघाचा कप्तान, आणि फलंदाजाच्या मागे बसून काकांचा चेंडू झेलणाराही तोच. दाद मागायला तीन दारे होती, आणि तिन्ही दारांत जावईच उभा होता.

"खांद्याला काय झालंय माझ्या?"

"खांद्याचं मी बोलतच नाही. चेंडूचं बोलतोय. तुमचा चेंडू पोचेपर्यंत फलंदाजाची जांभई देऊन होते."

बायको गेल्यापासून घरात काकांच्या वाट्याला "जेवलात का" आणि "औषध घेतलंत का" एवढेच बोलणे उरले होते. रविवारी मैदानावर मात्र लोक त्यांच्या नावाने ओरडत. शिव्याही देत, पण नाव घेऊन देत. तेही गेले तर रविवार कशाला उगवायचा, हे काकांना कळेना.

दुसऱ्या दिवशी ते दाढी करायला गेले. सलूनवाला एकेकाळी स्वतः चेंडू टाकत असे. आता तो गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावून त्या आठवणी सांगे, त्यामुळे कोणी मध्ये बोलत नसे.

"वेग गेला तर जाऊ द्या," तो म्हणाला. "तुम्ही न फिरणारा टाका. चेंडू तळव्यात घ्यायचाच नाही. या दोन बोटांची नखं शिवणीच्या मागं रोवायची, अंगठा खालून. मनगट लाकडासारखं. आणि फेकायचा नाही, ढकलायचा. दार ढकलतो तसा. चेंडू स्वतःभोवती फिरला नाही की वारा त्याच्या शिवणीला धरून त्याला हवा तिकडं ओढतो. डुलत जातो आणि ऐन वेळी बसकण मारतो."

"नेमका जातो कुठं?"

"ते टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. पण नखं पाहिजेत. लांब."

इथेच गाडे अडले. काका पीठ मळायच्या खात्यात होते, आणि कारखान्याच्या दारात रोज सकाळी तपासणीबाई उभ्या असत. त्या कुणाचे तोंड बघत नसत, बोटे बघत. नखभर नखसुद्धा त्यांना खपत नसे. काकांनी दोन बोटांना जाडजूड पट्टी बांधली आणि दारात हात पुढे केला.

"काय झालं?"

"दारात चेमटली."

"मग पिठात हात घालू नका," बाई म्हणाल्या, आणि काकांची रवानगी रिकाम्या क्रेटच्या खोलीत झाली. तिथे खिडकी नव्हती. क्रेट येत, क्रेट जात, आणि काका मध्ये स्टुलावर बसून नखे वाढायची वाट बघत. नखांना कसलीच घाई नव्हती. ती वाढेपर्यंत जखम बरी होऊन चालणार नव्हते, म्हणून पट्टी रोज थोडी जाड होत गेली.

"डॉक्टर काय म्हणाले, काका?" मळणीखात्यातला एक जण चौकशीला आला.

"बघू म्हणाले."

"बघू म्हणाले म्हणजे अवघड आहे. माझ्या चुलत्यांना पण बघू म्हणाले होते."

"आता कसे आहेत ते?"

"आता कुठले."

ही बातमी भट्टीपाशी पोचली तेव्हा काकांचे एक बोट कापायचे ठरले होते. फाटकापर्यंत दोन झाली. मुलीला ती दुकानात कळली तेव्हा हात मनगटापर्यंत गेला होता.

"बाबा, माझ्यापासूनसुद्धा लपवलंत," ती रडत म्हणाली. "दाखवा बघू मला."

"उघडायची नाही म्हणालेत. वारा लागतो."

खरे सांगून टाकावे असे काकांच्या फार मनात आले. पण लेकीला सांगणे म्हणजे जावयाला सांगणे, आणि जावयाला सांगणे म्हणजे मुकादमाला. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले. मुलीला वाटले, बाबा रडताहेत.

त्यात नखे निघाली ठिसूळ. चेंडू धरला की टोके मोडत. "नखांना लावायचा रंग असतो ना, त्याचे दोन हात द्या. टणक होतील," सलूनवाला म्हणाला. काकांनी मुलीच्या आरशापुढची बाटली उचलली. रंग डाळिंबी होता, पण पट्टीच्या आत कोण बघतो? इकडे मुलीने नवऱ्याला विचारले, "माझी नखांची बाटली कुणाला दिलीत?" तो "कसली बाटली" म्हणाला, आणि घरातले उरलेसुरले बोलणेही बंद झाले.

त्या शांततेत काका घरामागच्या भिंतीवर चेंडू ढकलत राहिले. बरेच चेंडू गटारात गेले. मग एकदा एक चेंडू असा गेला, की हातातून सुटल्यापासून भिंतीला लागेपर्यंत त्याच्यावरची शिवण स्थिर दिसली. काका बराच वेळ त्या भिंतीकडे बघत उभे राहिले. सांगायला कोणी नव्हते.

त्याच आठवड्यात जावई जवळ येऊन बसला. "मामा, हंगामाचा पहिला चेंडू तुमच्या हातून टाकायचा. मानाचा. मग सत्कार. डाव्या हातानं टाकलात तरी चालेल."

"उजव्यानंच टाकतो."

"दुखेल हो."

"दुखू दे."

जावयाचे डोळे भरून आले. काका मात्र मनात मांडे खात होते. एकच चेंडू. तो डुलत गेला की जावई स्वतः म्हणणार, मामा, बाकावर कशाला बसता.

हंगामाच्या पहिल्या दिवशी आभाळ करडे होते आणि सगळा कारखाना मैदानावर लोटला होता. मॅनेजरांनी भाषण केले. "काका फार चांगले होते," ते म्हणाले, आणि कुणालाच त्यात काही खटकले नाही.

काकांनी पट्टी सोडली. डाळिंबी बोटे दिसली आणि लोक हळहळले.

"अजून ओली आहे हो जखम."

"बघवत नाही."

मुलीने ओंजळीत तोंड लपवले. काकांनी नखे शिवणीमागे रोवली, मनगट ताठ केले आणि चेंडू ढकलला. असा चेंडू त्यांनी उभ्या जन्मात टाकला नव्हता. तो अजिबात न फिरता निघाला, डावीकडे कलला, उजवीकडे झुकला, क्षणभर हवेत विचार करत थांबल्यासारखा वाटला, आणि जावयाच्या हातमोज्यापुढे एकदम खाली बसला. जावयाने हवेत हात मारला. चेंडू त्याच्या गुडघ्यावर आदळला.



"संपला बिचाऱ्याचा हात," मागून कोणीतरी म्हणाले. "आणि जावयाला झेलवेना. डोळ्यांत पाणी, कसा दिसणार चेंडू?" मग सगळे उभे राहिले आणि हळूहळू टाळ्या वाजवू लागले, मयताहून निघताना सावकाश चालतात तशा.

तपासणीबाई पुढे आल्या. बाकीचे काकांच्या तोंडाकडे बघत होते, बाईंनी सवयीने हात धरला. अंगठ्याने एक नख घासले, वास घेतला.

"काका, हा रंग आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. "बाई, चेंडूसाठी लागतात नखं," काका पुटपुटले.

"माणसं रडतायत, म्हणून आज गप्प बसते. तुम्हीही गप्प बसा. खोटी पट्टी बांधून क्रेटच्या खोलीत बसलात हे वर कळलं तर नोकरी जाईल. उद्या नखं कापून पिठावर या. विचारलं तर बरं वाटतंय म्हणा."

घरी परतताना मुलगी सत्काराची फुले घेऊन पुढे चालली होती. जावई लंगडत काकांच्या बाजूने येत होता. तो म्हणाला, "मामा, तुमचा चेंडू येताना मी नीट बघितला."

काका थबकले.

"शिवण न् शिवण दिसत होती. जरासुद्धा फिरला नाही."

"नाही ना फिरला?" काकांनी त्याचा दंडच धरला.

"अजिबात नाही." जावयाने त्यांच्या खांद्यावर अलगद हात ठेवला. "चेंडू फिरवण्याइतकंही बळ नाही राहिलं तुमच्यात, आणि मी मेला तुम्हाला बाकावर बसा म्हणत होतो. आता ते पण नको. रविवारी घरीच पडून राहत जा."