मंगल नसलेलं कार्यालय

एका गुरुजींना आमच्या रामटेकेसाहेबांनी मंगलाष्टकाच्या दुसऱ्याच कडव्याला बाहेर काढलं होतं. "सावधान करायचं काम इथं माझं आहे," एवढंच म्हणाले.

साहेब पुण्यातल्या एका विवाह नोंदणी कार्यालयाचे अधिकारी, मी त्यांचा कारकून. मूळचे भंडाऱ्याकडचे, पण पुणेरी पाट्यांची विद्या त्यांनी पुरती आत्मसात केली होती. दारावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं : 'हे कार्यालय आहे, मंगल कार्यालय नव्हे. धार्मिक विधी फाटकाबाहेर करावेत.'

नियम सगळ्यांना सारखा. अक्षता बाहेर, पाद्रीबाबांची प्रार्थना बाहेर. "सरकारला देव लागत नाही, तीन साक्षीदार लागतात," असं ते म्हणत. सख्ख्या पुतणीच्या लग्नात थोरल्या भावाने त्रिशरण म्हणायला हात जोडले, तर त्यांनाही "दादा, बाहेर." दादा वर्षभर बोलले नाहीत. साहेबांनी त्या वर्षात पाटी पुन्हा रंगवून घेतली.

कार्यालयात पहिला संगणक आला तेव्हा मी त्याला हळूच कुंकू लावलं. साहेबांनी ते रुमालाने पुसलं. "यंत्र सरकारी आहे. सवाष्ण नाही."

एका डिसेंबरात हिंजवडीच्या कंपनीतली जोडी आली. अनिकेत आणि रेश्मा. नवरदेवाच्या गळ्यात हाराऐवजी कंपनीचं ओळखपत्र. अर्ध्या दिवसाची रजा होती म्हणे. साक्षीदार तिघंही ऑफिसातले. घरचं कोणी नाही. सह्या झाल्या, तेवढ्यात काठी टेकत रेश्माची आजी आत आली. येरवड्याहून एकटीच रिक्षाने आली होती. नातीला जवळ घेऊन तिने साहेबांना विचारलं, "साहेब, पोरांसाठी दुआ मागू? दोनच मिनिटं."

"आजी, ते फाटकाबाहेर."

"फाटकाबाहेर माझा मुलगा येऊन उभा आहे. मी आत आले तेच त्याला आवडलेलं नाही. तिथं कशी मागू?"

या प्रश्नाला साहेबांकडे पाटी नव्हती.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. घड्याळात पाऊण वाजला होता. जेवणाची सुट्टी दीडला. "सुट्टी झाली," ते म्हणाले. "कार्यालय बंद. आता ही नुसती खोली आहे."

आणि स्वतः दारात जाऊन, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. बाहेरून कोणीतरी ओरडलं, "साहेब, किती वेळ?"

"जेवतोय," साहेब उभ्या उभ्या म्हणाले.

आजींनी हात उचलले. रेश्मा रडत होती. अनिकेतला काही सुचेना, म्हणून त्यानेही तसेच हात धरले.

थोड्या वेळाने सगळे बाहेर पडले. फाटकापाशी उभ्या असलेल्या बापाने लेकीकडे पाहिलं नाही; पण आईचा हात धरून तिला जपून रिक्षात बसवलं. आम्ही खिडकीतून बघत होतो.

"साहेब, आज लवकर जेवलात," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. "आमचंही लग्न असंच, सहीचं," ते म्हणाले. त्यांच्या पत्नी जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्यांच्याविषयी साहेब पहिल्यांदाच बोलत होते. "तिच्याकडचं कोणी नाही, माझ्याकडचं कोणी नाही. कोणीतरी येईल म्हणून तासभर बाहेर उभे राहिलो."

"मग?"

"मग मंडईत जाऊन पेरू खाल्ले. तिनं तिखटमीठ जास्त मागून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं, तर म्हणाली, तिखट फार आहे हो."