वापस जायची रीत

इंगळेभाऊंशी गप्पा मारायला बसणं सोपं, उठणं महाकठीण. "चला, निघते" म्हणून आपण पर्स खांद्याला लावली की ते हात आडवा करतात.

"मधातूनच कुठं चालल्या, ताई? वापस तं येऊ द्या."

मग परतीचा प्रवास सुरू होतो. "आपण आता तुमच्या नणंदेच्या मिक्सरवर होतो. त्याच्या आंधी बडनेऱ्याचा पूल. पुलाच्या आंधी चिखलदऱ्याची थंडी. अन् थंडीवर कशा आलो? तं तुमी शिंकल्या." शिंकेपाशी पोचलो की त्यांचा चेहरा उजळतो. "हां. आता जा." तोवर माझी रिक्षा गेलेली असते.

सुधाकर इंगळे आमच्या अमरावतीच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. आम्ही शेतकऱ्यांसाठी मोबाइलचं अ‍ॅप बनवतो. कापूस-तुरीचे भाव, हवामान, फवारणीचा सल्ला असं सगळं त्यात आहे. मजकूर मी लिहिते, प्रोग्रामिंग इंगळेभाऊंचं. फोनच्या खाली ते मागं जायचं बटण असतं ना, ते दाबल्यावर काय व्हावं, हे अ‍ॅप बनवणाऱ्याला ठरवावं लागतं. नाही ठरवलं तर माणूस भलत्याच पानावर जाऊन पडतो, नाहीतर अ‍ॅपच बंद होतं. बाकीचे प्रोग्रामर हे काम शेवटी, तोंड वाकडं करून उरकतात. इंगळेभाऊ आधी तेच करायला घेतात आणि त्यावर जीव टाकतात.

स्वभावच तसा. परतवाड्याला ऑफिसातल्या एकाचं लग्न होतं. जेवणाच्या रांगेत इंगळेभाऊ गुलाबजामपर्यंत पोचले आणि त्यांना आठवलं की कोशिंबीर राहिली. दुसरा कोणी असता तर सरळ वळसा घालून गेला असता. हे ताट छातीशी धरून उलटे चालायला लागले. "जरा वापस, काकाजी. जरा वापस, मामा." नवरीकडची सगळी मंडळी हातात ताटं घेऊन एक-एक पाऊल मागं सरकत होती, आणि का सरकतोय हे कोणालाच कळत नव्हतं. एका आजोबांना वाटलं, जेवण संपलं. ते चिडून मांडवाबाहेरच गेले. त्यांना समजावून परत आणायला मला जावं लागलं.

अशा माणसाची गाठ राऊत सरांशी. सर आमचे बॉस, अकोल्याच्या जठारपेठेतले, दर सोमवारी येतात आणि आल्याआल्या जायच्या घाईत असतात. त्यांनी फर्मान काढलं, की अ‍ॅपमध्ये कुठूनही मागचं बटण दाबलं की माणूस थेट पहिल्या पानावर आला पाहिजे. पहिल्या पानावर बियाण्यांच्या जाहिराती असतात.

इंगळेभाऊ उभे राहिले. "सर, माणूस तुरीच्या भावात असन, तं बटण दाबल्यावर त्याले तुरीच्या यादीवर सोडा. डायरेक्ट घरी काहून फेकता?"

"अहो इंगळे, घरी पोचला तर वाईट काय त्यात?"

"अंगणातून आला तं चांगलं. छप्परातून पडला तं वाईट."

आम्ही हसलो, सर हसले नाहीत. पुढच्या सोमवारपर्यंत झालं नाही तर हे काम दुसऱ्याकडे जाईल, असं सांगून त्यांनी गाडी गाठली. इंगळेभाऊंनी आठवडाभर प्रोग्राममधली एक ओळही बदलली नाही, आणि शनिवारी ते ऑफिसलाच आले नाहीत.

दुपारी मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, या हट्टी माणसाला चार शब्द सुनवावेत. आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. वडील मूळचे नांदगाव खंडेश्वरकडचे, उभा जन्म शेतीत गेलेला. हातात जुना फोन, त्याला खाली खरंखुरं बटण, दाबलं की टक् वाजणारं. मला पाहून ते मोठ्या उत्साहानं बोलायला लागले. कापसावरून बाजारावर आले, बाजारावरून एका बैलावर आले, आणि बैलाचं शिंग सांगता सांगता एकदम थांबले. आपल्याच हातांकडं बघायला लागले. डोळ्यांत भीती.

"सुधाकर, मी कुठी आहो?"

इंगळेभाऊ येऊन त्यांच्यापुढं उकिडवे बसले. "बाबा, आपण बैलावर होतो. बैलाच्या आंधी नांदगावचा बाजार. बाजाराच्या आंधी कापूस. अन् कापसावर कसे आलो? तं या ताई आल्या."

म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. हळूहळू ओळख पटली. "हो. ताई आल्या. बसा ना, ताई."

सुनवायला आले होते ते न सुनवताच मी उठले. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा इंगळेभाऊ म्हणाले, "फोनमंदी आपल्या अ‍ॅपचं पान एकदम बदललं तरी असेच घाबरतात. डॉक्टर म्हणे, हे वाढतच जाईन. पण जोवर वापस येऊन राहिले, तोवर मी आणतो."

सोमवारी सरांशी मी भांडले. चांगली तोंड सोडून भांडले. सर रागावले, मग फोन घेऊन बराच वेळ बटण दाबत बसले, आणि "ठीक आहे, राहू द्या इंगळेंचं" म्हणून घाईघाईनं निघून गेले. आमच्या अ‍ॅपमध्ये आजही माणूस एक-एक पान मागं येतो.

परवा पुन्हा इंगळेभाऊंकडं गेले होते. बाबा बोलता बोलता हरवले, इंगळेभाऊ पुढ्यात बसले, एक-एक गोष्ट मागं नेत त्यांना माझ्या येण्यापाशी आणलं. पण या वेळी म्हातारा तिथं थांबला नाही. माझ्याकडं न बघता आणखी मागं, कुठल्यातरी जुन्या दुपारी निघून गेला. चेहऱ्यावर भीती मात्र नव्हती.

"सुधाकर, तुयी माय आली का वावरातून?"

इंगळेभाऊ आणखी जवळ सरकले.

"येऊन राहिली, बाबा. वाटंत आहे."

"उनाची येईन. पाणी काढून ठेव."

इंगळेभाऊ उठले, माठातून पेलाभर पाणी काढलं, आणि उंबऱ्याशी झाकून ठेवलं.