मूळ नाही, नक्कल

आमच्या ऑफिसातले खोब्रागडे सर लग्नपत्रिकेचीही झेरॉक्स देतात. पुतण्याच्या लग्नाची मला मिळाली ती काळीपांढरी. रंगीत सरांच्या ड्रॉवरमध्ये, कुलपात. डॉक्टरांना एक्स-रे दाखवतानाही फिल्मचं एक टोक ते सोडत नाहीत. "मूळ कोणाले देऊ नका, नक्कल द्या," हे त्यांचं पालुपद.

आदिलाबादला आम्ही पावसाचे आकडे सांभाळतो. माझा प्रोग्राम पायथनमध्ये, समजायला सोपा पण संथ. म्हणून जड गणित सी भाषेतल्या एका तयार प्रोग्रामकडे जातं. तो बाहेरून करून घेतलेला, त्याच्या आतलं काही दिसत नाही. त्याला आकड्यांची नक्कल देता येते, किंवा वेळ वाचवायला मेमरीतल्या मूळ आकड्यांचा नुसता पत्ता. पत्ता दिला की तो मुळावरच लिहू शकतो.

हे कळल्या दिवसापासून सरांची खुर्ची माझ्या खुर्चीमागे आली. "मॅडम, तो आतमंदी काय करून राह्यला, तुमाले दिसते का? मंग मूळ काऊन देता?" आकडे परत आले की माझ्याकडे संशयाने बघत ओळी मोजायचे. मी काय ते पिशवीत घालून घरी नेणार होते?

ते रजेवर गेले आणि मी त्यांच्या धाकाने प्रोग्राममध्ये घातलेली, नक्कल करून देणारी ओळच काढून टाकली. काम भराभर झालं. सेव्ह करून बघते, तर मिलिमीटरच्या जागी सगळे भलतेच अपूर्णांक. सी प्रोग्रामने आपली आकडेमोड मुळावरच केली होती. बाकीचे रकाने सरांच्या नकलांमधून परत मिळाले. एकच गेला. सरांच्या अंगणातल्या पावसाचा तो रकाना त्यांनी रजेवर जाता जाता भरला होता, नक्कल करायची तेवढी राहिली होती.

सर आल्यावर मी सांगून टाकलं. वाटलं, ऑफिस डोक्यावर घेतील. पण दुसऱ्या दिवशी ते एक वही घेऊन आले. आकडे त्यांच्या बायकोचे होते, विमलताईंचे. रोज सकाळी त्या पाऊस मोजून लिहायच्या. मागच्या आषाढात त्या गेल्या. ऐकून मला माझी फार लाज वाटली.

सर वाचायचे, मी टाइप करायचे. त्यांचं एक बोट कायम वहीवर. आषाढाच्या पानाशी ते थांबले. तिथून विमलताईंचं अक्षर वाकडं होत गेलं होतं.

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. मी सवयीने झेरॉक्स मशीनकडे निघाले.

"राहू द्या," ते म्हणाले. "मूळच घ्या. पुढचं माह्याच्यानं वाचणं नाही होत."

आणि त्यांनी वहीवरचं बोट उचललं.